सेंटरला नेऊन ठेवलेला बॉल

कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉलवाला माणूस गेला, की दिवसकार्य उरकायच्या आतच तालमीच्या कट्ट्यावर कुणीतरी विषय काढतो, ‘त्याच्या नावानं चषक लावूया की.’ चौकाला नाव द्यायचं तर महापालिकेचा ठराव लागतो, पुतळ्याला परवानगी लागते. चषकाला वर्गणी लागते आणि राबणारी पोरं लागतात, आणि ह्या दोन्हींची पेठेत कधी टंचाई पडलेली नाही. शाहू स्टेडियमवर भरणाऱ्या मोठ्या स्पर्धांतल्याही कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असतात. पण मला लिहायचं आहे ते त्याहून लहान, हंगामाच्या तोंडावर आमची तालीम भरवते त्या स्मृतिचषकाविषयी.

कोल्हापूरचा फुटबॉल दसरा-दिवाळीच्या सुमाराला अंग झटकून उठतो. खेळाडूंची नोंदणी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी केएसएकडे. कोण कुठल्या संघात गेला, कुणी कुणाला फोडला, ह्या बातम्या चहाच्या गाड्यावर आधी येतात आणि वर्तमानपत्रात मागून. मग शाहू छत्रपती लीग, आणि त्यानंतर बाद पद्धतीच्या स्पर्धा पार उन्हाळ्यापर्यंत. ह्या सगळ्याच्या आधी जे थोडे दिवस मिळतात, त्यांत आमचा चषक होतो. सात-सात खेळाडूंचे संघ, आडवं आखलेलं अर्धं मैदान, लहान गोल. नवा पोरगा अंगावर आलेल्या बॅकला भितो का, गेल्या हंगामात गुडघा दुखावलेला हाफ अजून वळतो का, हे प्रशिक्षकाला इथंच कळतं. आणि माईकवर दर सामन्याआधी एक नाव घेतलं जातं. ते नाव ज्यांचं, त्यांना सगळी पेठ तात्या म्हणायची.

तात्या गोलकीपर. शाहू मिलमध्ये कामाला. मी त्यांना खेळताना पाहिलेलं नाही. मला आठवतात ते कट्ट्यावर पाय मुडपून बसलेले, येणाऱ्या-जाणाऱ्या पोराच्या पोटऱ्यांकडे बघणारे तात्या. त्यांचा खेळ माझ्यापर्यंत आला तो थोरल्या चुलत्यांच्या, आण्णांच्या तोंडून, आत्याच्या तोंडून, आणि कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या भांडणांतून. आमच्या पेठेच्या खेळाचा इतिहास एवढाच आहे. कागदावर त्यातलं फार थोडं आहे.

आण्णांची गोष्ट सुरू व्हायची ती फुटबॉलपासून नव्हे, तालमीच्या हौद्यापासून. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला हात दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमी भरल्या. तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे. तिथंच गणपती बसतो, तिथंच मोहरमचा पंजा बसतो. बाबूजमाल तालमीत दोन्ही सण एकत्र आले की गणपती आणि पंजा एका छपराखाली असतात. पहाटे जोर मारणारी, रात्री तिथंच पथारी टाकणारी पोरं एका घरची असल्यासारखी वाढायची. ‘मग गोरे साहेब बॉल खेळतात म्हणून बघाय गेली, आन् त्येंचंच वारं लागलं,’ असं आण्णा सांगायचे, तेही त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. रेसिडेन्सीतले इंग्रज अधिकारी खेळायचे, राजाराम कॉलेजातली शिकलेली मुलं खेळायची, आणि बाहेर गेलेला बॉल आणून द्यायला पेठेतली पोरं उभी असायची. आणून देता देता एखादा लाथ मारून द्यायला लागला.

हे असंच घडलं असेल असं मी छातीला हात लावून म्हणणार नाही. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे, की कोल्हापुरात फुटबॉल तालमींनीच उचलला. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, ही नावं वाचून बाहेरगावच्या माणसाला कुस्तीचे फड आठवतील. आम्हाला स्टेडियमचा आवाज आठवतो. लाल मातीतली ताकद आणि पेठेची ईर्ष्या, दोन्ही तशीच्या तशी ह्या खेळात आली. म्हणून आमच्याकडचा बॅक आधी अंगावर जातो आणि मग बॉलकडे बघतो. प्रशिक्षक ओरडून थकले, पण ते काही जात नाही, आणि मला ते जावं असंही वाटत नाही.

म्हाताऱ्यांच्या गोष्टींत मैदानाच्या आधी पाणी येतं. आज जिथं शाहू स्टेडियम आहे, तिथं पूर्वी रावणेश्वराचा तलाव होता. तो बुजवला आणि त्यावर मैदान झालं. रावणेश्वराचं देऊळ अजून शेजारी आहे. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. कपिलतीर्थाची तर भाजी मंडई झाली. आण्णांचे वडील रावणेश्वरात पोहलेले. ‘आमचा म्हातारा जितं पवला, तितं मी हाफला खेळलो,’ हे वाक्य आण्णा इतक्या अभिमानानं म्हणायचे, की लहानपणी मला ते दोन्ही पराक्रम एकाच तोलाचे वाटायचे.

पाणी आपली जागा विसरत नाही. पावसाळ्यात गांधी मैदानावर आजही तळं साचतं, आणि पाऊस सरला तरी कडेचा चिखल लवकर सुकत नाही. आमच्या चषकाची तारीख म्हणूनच कधी पंचांग बघून ठरत नाही. आश्विन लागला की तालमीचे दोन अनुभवी गडी संध्याकाळी मैदानात जातात, टाच रोवून गोल फिरवतात आणि किती रुतते ते बघतात. टाच रुतली की आठवडा पुढं. स्पर्धेचं पत्रक छापायचं ते त्या दोघांनी मान हलवल्यावर.

तात्या मैदानात उतरले तो काळ संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्या सुमाराचा, म्हणजे १९४९. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत. ‘गांधीवधाच्या जाळपोळीनंतर’, ‘संस्थान गेलं त्या वर्षी’, ‘कोयनेच्या भूकंपाच्या आदुगर’, असे त्यांचे खुंटे असतात, आणि त्यांना धरूनच आपण चाचपडत जायचं. त्या वेळचा बॉल चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेला. आत रबराचं ब्लॅडर, तोंडाशी चामड्याची वादी. सायकलच्या पंपानं हवा भरायची, ब्लॅडरची नळी दुमडून बांधून आत सारायची, आणि वादी आवळून तोंड बंद करायचं. ही वादी म्हणजे खेळणाऱ्याचा काळ. हेड करताना ती नेमकी कपाळावर आली, की कातडं सोलून निघायचं. आण्णांच्या भुवईवर तसा एक वण होता आणि कुणी विचारायच्या आत ते तो दाखवायचे. पावसात भिजलेला बॉल इतका जड व्हायचा, की लांबची किक मारणारा पोरगा दुसऱ्या दिवशी लंगडत कामावर जायचा. शिवण उसवली तर चांभाराकडं द्यायची आणि सामना दुसऱ्या दिवशी. तालमीत बॉल एकच.

पायात बूट बहुतेकांच्या नसायचेच. ३१ जुलै १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ फ्रान्सशी खेळला, आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते, दोन पेनल्टी हुकल्या आणि सामना २-१ नं गेला. हरल्याचं दुःख पेठेत फार काळ टिकलं नाही म्हणतात. राहिलं ते एवढंच, की आपल्यासारखे बिनबुटाचे गडी तिकडं साहेबाच्या राजधानीत खेळले. आण्णा हे सांगताना त्या संघातल्या खेळाडूंविषयी घरच्या माणसांसारखं बोलायचे, आणि त्या दोन पेनल्टी कशा मारायला हव्या होत्या हे उठून, अंगणात पाय टाकून दाखवायचे.

तात्यांच्या हातांविषयी मला सांगितलं ते आत्यानं. हातमोजे नव्हतेच. एकदा जवळून मारलेला बॉल अडवताना त्यांची डाव्या हाताची करंगळी मोडली. ‘मी तवा बारीक हुतो. तात्या सोप्यात बसल्यालं. आईनं हळद-तेल गरम केलं, बाबांनी बांबूची कामटी तासली, आन् बोट धरून वडलं. म्या कानांवर हात ठिवलं. तात्या वरडलंच न्हाईत. फकस्त म्हनलं, मिलची पाळी चुकंल.’ ते बोट पुढं कायमचं वाकडं राहिलं. म्हातारपणी कपबशी धरली, की ती करंगळी कपापासून लांब उभी राहायची. हे मी स्वतः पाहिलं आहे. मिलचा भोंगा झाला की तिथून सायकलवर थेट मैदान, अंगाला कापसाचे तंतू तसेच. शाहू मिल १९०६ ची, आता बंद पडूनही वीसेक वर्षं झाली, पण आत्या अजून वेळ सांगताना ‘दुसऱ्या भोंग्याला’ असं म्हणते.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा चषक तात्यांच्या नावानं आहे.

पलीकडच्या पेठेशी सामना. आण्णा म्हणत कोयनेच्या भूकंपाच्या आधीचा हंगाम, कट्ट्यावरचे दुसरे एक आबा म्हणत भूकंपाच्या नंतरचा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, तेव्हा दोघांत फरक पडला तर वर्षाचाच. तात्यांचा तो शेवटचा हंगाम होता, ह्यावर मात्र दोघांचं एकमत. सामना संपायला थोडा वेळ उरलेला, दोन्हीकडं शून्य. पलीकडच्या राईट आऊटनं कोपऱ्यातून मारलेला बॉल तात्यांनी झेप घेऊन धरला, पण धरला तो रेषेवर. आत की बाहेर? आमच्या पेठेत सांगतात ते असं : रेफरीला दिसलं नव्हतं, लाइन्समन गोंधळलेला, आणि तात्या उठून म्हणाले, ‘गोल हाय.’ स्वतःच्या तालमीविरुद्ध. आम्ही एक गोलनं हरलो. माईकवर दर वर्षी हीच गोष्ट सांगितली जाते, आणि माझ्या पिढीतल्या पोरांना खेळ कसा खेळावा हे शिकवायला हीच वापरली गेली.

मला ह्या गोष्टीची दुसरी बाजू ऐकायची होती. तो राईट आऊट हयात आहे, ऐंशीच्या घरात, पलीकडच्या पेठेत नातवंडांत राहतो. मी एका संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. आधी त्यांनी कुणाचा कोण ते विचारलं, आण्णांचं नाव सांगितल्यावर चहा आला. मग मी आमची गोष्ट त्यांना सांगितली. ते हसले नाहीत. बराच वेळ समोरच्या भिंतीकडं बघत राहिले आणि म्हणाले, ‘आरं, बॉल आत आलाच न्हवता. माज्या डोळ्यांनी बगितलंय. अर्दा लाइनीवर हुता. रेफ्रीनं शिट्टी मारली. आमीबी गप झालो, आपल्याला गोल गावला म्हनल्यावर कोन बोलतंय? तुमचा कॅप्टन पोरास्नी भाईर काडाय लागला. मग तुमच्या तात्यानं बॉल उचलला, चालत गेला आन् सेंटरला न्हेऊन ठेवला. शबूद बोलला न्हाई.’

म्हणजे तात्यांनी गोल कबूल केलाच नव्हता. गोल झालाही नव्हता. त्यांनी फक्त रेफरीचा निकाल मानला आणि खेळ पुढं चालू केला. आमच्या पेठेनं त्या चालत जाण्याचा अर्थ आपल्याला परवडेल तसा लावला : आमचा माणूस खरं बोलला म्हणून आम्ही हरलो. पलीकडच्या पेठेनं त्यावर कधी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर गोल खोटा ठरला असता. आणि तात्या ह्यानंतर कितीतरी वर्षं जगले, कट्ट्यावर ही गोष्ट त्यांच्यासमोर शंभरदा सांगितली गेली असेल, पण त्यांनी ‘हो’ म्हटल्याचं किंवा ‘नाही’ म्हटल्याचं कुणालाही आठवत नाही. मी खोदून खोदून विचारलं. दोन्ही पेठांचं एकाच बाबतीत जुळतं, बॉल सेंटरला नेऊन ठेवला ह्यात.

मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते. आपल्याविरुद्ध चुकीचा निकाल लागलेला, शेवटचा हंगाम, कॅप्टन पोरांना बाहेर काढतोय, कडेनं पेठ खवळलेली, आणि हा माणूस बॉल हातात घेऊन अर्धं मैदान चालतो. गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या फुटबॉलला जे गालबोट लागलं, समर्थकांच्या हाणामाऱ्या, दगड, बंद पडलेले सामने, पोलिसांच्या काठ्या, ते आठवलं की हे चालणं किती अवघड असेल ते कळतं. आणि इथं म्हाताऱ्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या गोष्टींतून आम्हाला खेळ मिळाला तसं वैरही मिळालं. कुणी कुणाचा पाय मोडला, कुठल्या सालचा कुठला गोल चोरला, हे चार पिढ्या सांगत राहिलं, की ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही असा सोळा वर्षांचा पोरगा हातात दगड घेऊन उभा राहतो. गोष्ट सांगणाऱ्यानं दुसऱ्या पेठेचीही बाजू ऐकून सांगावी, एवढा जबाबदारपणा त्याच्याकडं मागायला हवा.

ऐकायला आता माणसंही कमी उरली आहेत. मार्च २०२० ला करोनाच्या साथीनं खेळ थांबला, आणि पुढच्या दोन वर्षांत कट्ट्यावरचे कितीतरी जण गेले. आण्णा त्याच्या आधीच गेले होते. भूकंपानंतरचं साल धरणारे आबा त्या साथीत गेले. चषकाच्या लाकडी बैठकीवर दर वर्षीच्या विजेत्या संघाची पितळी पट्टी ठोकलेली असते, त्यात त्या दोन वर्षांची जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. आता तालमीतला एक कॉलेजचा पोरगा मोबाइल घेऊन म्हाताऱ्यांकडं जातो आणि बोलणं रेकॉर्ड करतो. त्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या : मध्ये बोलू नको, आणि घरातल्या बायकांनाही विचार. तात्यांची करंगळी कट्ट्यावरच्या एकाही पुरुषानं मला सांगितली नव्हती.

चषक बदलतो आहे, आणि बदलावाच. मोठ्या संघांत आफ्रिकेतून आलेले खेळाडू खेळून गेले, पेठेतल्या पोरांनी त्यांच्याकडून अंगानं बॉल झाकायला शिकून घेतलं. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हापासून आईबापांच्या तोंडची ‘बॉल खेळून पोट भरतंय व्हय?’ ही हाक पुष्कळच मऊ झाली. मुलींचा प्रदर्शनी सामना आमच्या चषकात सुरू झाला आहे. त्यांच्या गोलकीपरला तात्यांची गोष्ट पाठ आहे, आणि ती हातमोजे घालून खेळते.

गेल्या महिन्यात तालमीत बैठक झाली. ह्या वर्षी बक्षिसाची सगळी रक्कम एका माणसानं द्यायची तयारी दाखवली होती, अट एवढीच, की चषकाला त्याच्या वडिलांचं नाव द्यायचं आणि तात्यांचं नाव पत्रकात खाली यायचं. पैसे थोडे नव्हते. पोरांच्या किट निघाल्या असत्या, मैदानावर मुरूम पडला असता. तास-दीड तास घमासान झालं. शेवटी आत्यासारखीच एक वयस्कर बाई, तालमीसमोरच्या घरातली, दारातूनच म्हणाली, ‘त्येच्या बापाच्या नावानं दुसरा चषक लावा की. पावसाळ्यानंतर काय एकच आयतवार येतुया?’ तसंच ठरलं. त्या माणसानंही मानलं. त्याचे वडील दुसऱ्या तालमीचे जुने लेफ्ट आऊट निघाले, आणि त्यांच्याविषयीच्या गोष्टी जमवायचं काम त्याच कॉलेजच्या पोराकडं गेलं.

तात्यांच्या चषकाचं पत्रक छापून आलं आहे. ह्या वर्षी माईकवर गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायची असं मी सुचवलं. दोघा-तिघांना ते रुचलेलं नाही, पण ऐकणार आहेत. सलामीचा सामना पलीकडच्या पेठेशी आहे, दुपारी चारला, गांधी मैदानावर. उद्घाटनाला ते राईट आऊट आजोबा येणार आहेत, नातू त्यांना मोटारसायकलवरून आणणार आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात टाच अजून थोडी रुतते, म्हणून गोल दोन पावलं अलीकडं घेतला आहे.